नेट झाल्यावर तासिका धरावी की प्रकल्पातली जागा?

माळावरचा
नेट-सेट, म्हणजे प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, झालेली पोरं जूनमध्ये फाईल घेऊन सोलापुरातली कॉलेजं पालथी घालतात, तासिकेवर, म्हणजे शिकवलेल्या तासांपुरत्या पैशावर, मिळेल ते घेतात. माझं मत स्पष्ट आहे: तसं करू नका. प्रकल्पात संशोधनाची जागा निघाली तर ती धरा आणि पीएचडी सुरू करा.

मी सात वर्षं तासिकेवर शिकवलं. खिशातल्या डायरीत रोजचे तास मांडायचो. दिवाळीची सुट्टी आणि उन्हाळा, ती पानं कोरीच. मग यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, 2018 चे नियम नीट वाचले. विद्यापीठातल्या सहायक प्राध्यापकाच्या छाननीत पीएचडीला 30 गुण, शिकवण्याच्या अनुभवाला वर्षाला 2 आणि जास्तीत जास्त 10. म्हणजे पाच वर्षांनंतर पुढच्या वर्षांचा एकही गुण नाही. माझी शेवटची दोन वर्षं कुठल्या खात्यात गेली?

नवी पेठ
सर, अर्धंच सांगताय. त्या नियमांत ते गुण मुलाखतीला बोलावण्यापुरते, निवड मुलाखतीवर. तिथं खडू हातात देऊन शिकवायला सांगतात. पाच वर्षं प्रयोगशाळेत काढलेला उमेदवार फळ्यापुढे अडखळताना मी पाहिलाय. वर्ग सांभाळणं वर्गातच येतं. आणि 2023 पासून सहायक प्राध्यापकाच्या थेट भरतीला नेट-सेट पुरेशी आहे, पीएचडी सक्तीची नाही.

माळावरचा
सक्ती नाही, पण यादीत वर यायला 30 गुण कुठून आणणार?

रब्बी ज्वारी
दोघंही पुरुष म्हणून बोलताय. माझी जेआरएफ (संशोधनासाठीची शिष्यवृत्ती) आहे, महिना 37,000. पण आईचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा. पुण्याच्या प्रयोगशाळेत कशी जाऊ? तासिका म्हणजे माझ्यासाठी घराजवळचा मार्ग आहे, आळस नाही.

माळावरचा
ताई, तुमचं पटलं. तासिकेवाले "चिकटून बसतात" असं मी घरच्यांसमोर बोलतो, ते चुकतं. पण जेआरएफ हातातून घालवू नका. नोंदणीला मुदत असते. इथल्या विद्यापीठात, केगावला, मार्गदर्शक शोधा. 2004 मध्ये एका जिल्ह्यासाठी विद्यापीठ काढलं ते याचसाठी ना? केगावलाच राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, कोरडवाहू ज्वारीवरही इथं काम चालतं. विषय दारात आहेत.

रब्बी ज्वारी
विषय आहेत हो, मार्गदर्शकाकडे जागा रिकामी हवी. दोन ठिकाणी विचारलं, दोन्हीकडे यादी भरलेली.

नवी पेठ
मग लढायचं कशासाठी ते बघा. प्रकल्प संपला की ती जागा संपते, पुढं वय वाढलेलं असतं. नियमित जागेचं मूळ वेतन 57,700 पासून, आणि त्या जागा भरल्या जात नाहीत. भरती सुरू झाली तर हा वादच उरणार नाही.

माळावरचा
मान्य. पण जाहिरात निघेपर्यंत पोरांनी काय करायचं? ताई, यादीत जागा कधी होईल ते दर महिन्याला जाऊन विचारा, फोनवर नको.