ॲस्पेक्ट्स स्कोअर: एकाच सीटीला एकाकडून ८, दुसऱ्याकडून ६. कुणाचं धरायचं?

कुडाळचा_एमओ
सीटी १६ स्लाइसचं आहे, रेडिओलॉजिस्ट रात्री फक्त फोनवर. अंगावरून वारं गेलेला पेशंट आला की प्लेन सीटी लगेच होतो. रक्तस्राव नाही एवढं आम्हाला कळतं. पुढे ॲस्पेक्ट्सवर (सीटीवर मेंदू किती शाबूत दिसतो याचे १० पैकी गुण) गाडं अडतं, कारण त्याच स्कॅनला एक जण ८ देतो आणि दुसरा ६. दोन गुण नेमके कुठे हरवतात? आणि गुण कमी आले तर थ्रॉम्बोलिसिस (गुठळी विरघळवणारं इंजेक्शन) थांबवायचं का? बांबोळीचा (गोवा मेडिकल कॉलेजचा) रस्ता धरायचा की घाट चढून कोल्हापूर, हेही त्याच वेळी ठरवावं लागतं.

रेडिओ_सावंतवाडी
बहुतेक वेळा विंडोत, म्हणजे स्क्रीनवर दाखवायच्या करड्या छटांच्या पट्ट्यात, हरवतात. मेंदूच्या पेशीत पाणी १ टक्का वाढलं की घनता जेमतेम अडीच हाउन्सफील्ड युनिटने (सीटीवर घनता मोजायचं माप) उतरते. नेहमीच्या ८० च्या विड्थवर (पट्ट्याची रुंदी) एवढा फरक डोळ्याला दिसत नाही. विड्थ ३० ते ४० आणि लेव्हल (पट्ट्याचा मध्य) ३० ते ३५ वर आणा, मग इन्सुलाची करडी पट्टी पुसट झालेली किंवा लेंटिफॉर्मची कड विरघळलेली दिसते.

आता मोजणी. मिडल सेरेब्रल आर्टरीच्या (मेंदूची मधली मोठी रक्तवाहिनी) मुलखाचे दहा भाग: कॉडेट, लेंटिफॉर्म, इंटर्नल कॅप्सूल, इन्सुला हे खोलवरचे, आणि एम१ ते एम६ हे बाहेरच्या थराचे. सुरुवात १० पासून, बिघडलेल्या प्रत्येक भागाला एक वजा. कॉडेटचं डोकं दिसतं तो आणि त्याखालचा सगळा खालचा मजला. एम१, एम२, एम३ तिथे. त्याच्या वर माडी, म्हणजे एम४, एम५, एम६. दोनच स्लाइस बघून गुण देणारे इथेच फसतात. प्रत्येक मजल्याच्या सगळ्या स्लाइस बघायच्या, आणि बदल लागोपाठच्या दोन स्लाइसमध्ये असेल तरच खरा मानायचा.

तुमच्या ८ आणि ६ चं आणखी एक कारण: नुसती सूज. सल्काय (मेंदूच्या घड्यांमधल्या खाचा) बुजल्या आहेत पण घनता उतरलेली नाही, अशा भागाचा गुण २००० साली कॅल्गरीहून पद्धत आली तेव्हा कापला जायचा. आता कापत नाहीत, कारण तिथे रक्तवाहिन्या फुगून त्यांतलं रक्त वाढलेलं असतं आणि तो भाग बऱ्याचदा वाचतो. एक जण जुन्या नियमाने मोजतो, दुसरा नव्या. आणि जुना इन्फार्क्ट (रक्ताअभावी मेलेला भाग) कधीच मोजू नका. त्याची कड धारदार, घनता पाण्यासारखी, शेजारच्या सल्काय रुंदावलेल्या. पांढरी, ठळक आर्टरी दिसली तर क्लॉट आहे म्हणून लिहा, पण तिचा गुण कापायचा नाही.

टेबलावरचा_टेक्निशियन_चिपळूण
डॉक्टरांचं झालं, आता टेबलाचं ऐका. डोकं वाकडं असलं की एका बाजूला खालचा मजला आणि दुसऱ्या बाजूला माडी एकाच स्लाइसवर येते, मग नसलेला फरक दिसतो. हेडरेस्टला पट्टा लावा, लेझर दोन्ही डोळ्यांच्या मधोमध घ्या. तरी वाकडं आलं तर पातळ स्लाइसवरून एमपीआर (संगणकाने पुन्हा रचलेलं चित्र) सरळ करा. वाचायला ५ मिमी, तपासायला १ मिमी हाताशी. पेशंट हलला तर तेवढ्याच स्लाइस पुन्हा.

आणि फिल्म खिडकीला धरून काढलेला फोटो पाठवू नका, होय महाराजा! फिल्मवर विंडो गोठलेली असते, वर व्हॉट्सॲप फोटो दाबून आणखी सपाट करतं. दोन्ही विंडोत सगळ्या स्लाइस सावकाश सरकवत व्हिडिओ घ्या आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवा. डायकॉम (स्कॅनची मूळ फाइल) जात असेल तर उत्तमच.

न्यूरो_घाटमाथा
कुडाळसाहेब, तुमचा खरा प्रश्न इंजेक्शनचा आहे. पेशंट शेवटचा ठणठणीत दिसल्याच्या वेळेपासून साडेचार तासांच्या आत असेल आणि बाकी आडकाठी नसेल, तर स्कोअर ८ की ६ यावर वाद घालत थांबू नका. थांबायचं ते आर्टरीच्या मुलखाचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग स्पष्ट काळवंडलेला असेल तेव्हा. साखर तपासा, बीपी १८५/११० च्या खाली आणा. गुठळी विरघळवणारं अल्टेप्लेज ०.९ मिग्रॅ प्रति किलो, कमाल ९० मिग्रॅ. त्यातले १० टक्के एका मिनिटात, उरलेले तासभर. घाटात सिरिंज पंपाची बॅटरी संपली की हा तास बोंबलतो. त्याच जातीचं टेनेक्टेप्लेज एकाच बोलसमध्ये (एका दमात) संपतं (०.२५ मिग्रॅ प्रति किलो, कमाल २५), म्हणून रस्ता लांब असेल तेव्हा ते सोयीचं.

स्कोअरचा उपयोग क्लॉट ओढून काढण्याच्या निर्णयाला आहे, आणि तिथेही सीटी अँजिओशिवाय (रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी) तो अर्धवट. पहिल्या तासा-दीड तासात प्लेन सीटी १० देऊ शकतो आणि आर्टरी पूर्ण बंद असू शकते. ब्रेनस्टेमच्या स्ट्रोकलाही हा स्कोअर १० च देतो, कारण तो मुलूख त्यात नाहीच. त्याला वेगळा, मेंदूच्या मागच्या रक्तवाहिन्यांसाठीचा पीसी-ॲस्पेक्ट्स.

कुडाळचा_एमओ
म्हणजे ५ आला तर पाठवायचाच नाही, असं आम्ही धरलं होतं ते?

न्यूरो_घाटमाथा
ते मागे पडलं. क्लॉट ओढून काढण्याच्या २०१५ च्या चाचण्यांनंतर ६ ची रेघ पक्की झाली होती. २०२२ पासून मोठ्या इन्फार्क्टच्या चाचण्या आल्या आणि ३ ते ५ वाल्यांनाही फायदा दिसला. त्यातल्या सिलेक्ट२ चाचणीत क्लॉट काढलेल्यांत स्वतःचं स्वतः बघू शकणारे शंभरामागे २० निघाले, नुसत्या औषधावर ७. मात्र नातेवाइकांना हा २० आधी स्पष्ट सांगा. उरलेले ८० कुणी विचारत नाही.

बांबोळी की कोल्हापूर? पेशंट टेबलावर असतानाच दोन्हीकडे फोन करा आणि "आज कॅथलॅब (क्लॉट काढायची खोली) मोकळी आहे का" एवढंच विचारा. पावसात घाटात दरड आहे का, तेही. पोचल्यावर तिथे पुन्हा सीटी होईलच. दोन-तीन तासांत ८ चा ५ होऊ शकतो, म्हणून रेफर चिठ्ठीवर स्कोअरशेजारी स्कॅनची वेळ, कोणते भाग कापले ते, आणि इंजेक्शन सुरू केल्याची वेळ लिहा. नुसता "ॲस्पेक्ट्स ७" पुढच्याच्या काही कामाचा नाही.

रेडिओ_सावंतवाडी
कापलेले भाग नावानिशी लिहायचे, "इन्सुला, एम२, एम५" असे. मग दोन वाचकांत फरक आला तरी भांडण कुठल्या भागावर आहे ते मिनिटात कळतं. बहुतेकदा ते इंटर्नल कॅप्सूलवर निघतं. ५ मिमीवर तिथे शंका असेल तर गुण कापू नका.