भागाकारात मधलं शून्य राहूनच जातं, काय करू?

सान्वीची आई
लेक पाचवीत आहे. एकअंकी भाजक असला की झटपट करते, दोन अंकी आला की गडबड. काल ७२३६ ÷ ३६ दिलं, उत्तर आलं २१! छत्तीसचा पाढा येतो, वजाबाकीही चुकत नाही. दाखवलं की "हो गं, शून्य राहिलं" म्हणते आणि पुढच्या गणितात पुन्हा तेच. भाग जात नसेल तर शून्य द्यायचं, हे तिला पाठ आहे. पण का द्यायचं, ते मलाच नीट सांगता येईना.

निवृत्त बाई
ताई, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत वर्षानुवर्षं चौथी-पाचवीला शिकवलं. ही चूक दर वर्षी भेटायची.

तिला कागदाच्या नोटा करून द्या आणि ७२३६ रुपये ३६ जणांत वाटायला सांगा. हजाराच्या ७ नोटा ३६ जणांना पुरत नाहीत. त्या मोडल्या की आधीच्या २ धरून शंभराच्या ७२ होतात. छत्तीस दुणे बहात्तर, प्रत्येकाला २. आता दहाच्या ३ नोटा. इथे थांबा आणि तिलाच विचारा, "दहाच्या किती मिळाल्या?" ती म्हणेल, "एकही नाही." ते "एकही नाही" दशकाच्या घरात लिहायचं, तेच शून्य. मग त्या ३ मोडून ३० सुटे, आधीचे ६, झाले ३६. प्रत्येकी १. म्हणजे २०१. ताळाही करायला लावा: ३६ × २१ = ७५६. मग उरलेले ६४८० रुपये कुठे गेले?

आणखी एक. उत्तर उजवीकडच्या कंसात लिहीत असेल, तर सध्या भाज्याच्या डोक्यावर लिहू द्या, चौकटीच्या वहीत. कंसात घरं दिसत नाहीत. ७ ला भाग जात नाही, ७२ ला जातो, म्हणून पहिला अंक २ च्या वर. पुढे दोन घरं, म्हणजे उत्तर तीन अंकी. तीन टिंबं आधीच काढून ठेवायची.

एक बाबा
आमचा मुलगा गठ्ठ्याने वजा करतो. १०० वेळा ३६ म्हणजे ३६००, पुन्हा ३६००, उरले ३६, आणखी एकदा. १०० + १०० + १. शून्याचा प्रश्नच येत नाही.

निवृत्त बाई
छान आहे, समज पक्की होते. फक्त दोन्ही पद्धती एकाच आठवड्यात नकोत.

सान्वीची आई
बाई, चार दिवस नोटा वाटल्या. आज ९१०८ ÷ ४५ दिलं. एक्क्याण्णवला दोनदा, उरला १, वरून ० उतरवलं, झाले १०. पेन्सिल थांबली. मग स्वतःशीच "दहाची एकही नाही" म्हणाली आणि शून्य लिहिलं. भागाकार २०२, बाकी १८. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते, डोळे भरून आले हो.

आता ८१४२ ÷ २३ वर अडलीय. तेवीसचा पाढा पाठ नाही. आधी ४ घेते, ९२ झाले की खोडून ३ करते.

निवृत्त बाई
खोडू द्या. २३ ला २० समजून अंदाज घेतला की ४ च वाटतात, पुढे तिला आपोआप कळेल. तोवर समासात २३, ४६, ६९, ९२, ११५ लिहून ठेवू दे. उत्तर ३५४.