शब्दचर्चा : ‘बेलहार’ मराठीत आणताना – कबुली, समेट, वर्णभेद

शाईदौत :
दक्षिण आफ्रिकेतल्या डच रिफॉर्म्ड मिशन चर्चने १९८२ मध्ये केप टाऊनच्या बेलहार भागात एक श्रद्धाघोषणा मसुद्याच्या रूपात मांडली आणि १९८६ मध्ये ती स्वीकारली. तिचे मराठीकरण करताना तीन शब्दांशी अडलो आहे. ‘कन्फेशन’ला कबुलीजबाब चालेल? ‘रिकन्सिलिएशन’ला सलोखा की समेट? आणि वर्तमानपत्री ‘वर्णद्वेष’ इथे पुरेल का?

कोशकिडा :
कबुलीजबाब नकोच, तो चौकीतला शब्द आहे. सरकारी वर्गवारीत ज्यांना ‘कलर्ड’ (मिश्रवंशीय) ठरवले होते त्यांचे हे चर्च. शीर्षकातच कबुलीजबाब आला, तर अपराध त्यांचाच होता असा वाचकाचा समज होईल.

‘कन्फेशन’मागचे मूळ ग्रीक क्रियापद होमोलोगेओ, म्हणजे शब्दशः ‘तेच बोलणे’. आपल्या बायबलमध्ये त्याची दोन रूपे भेटतात. रोमकरांस १०:९ मध्ये ‘येशू प्रभू आहे’ असे मुखाने ‘कबूल’ करायचे आहे, तर १ योहान १:९ मध्ये पापे ‘पदरी’ घ्यायची आहेत. एक जाहीर बोलणे, दुसरे दोष मान्य करणे. बेलहारचे शीर्षक पहिल्या अर्थाचे आहे आणि त्याला ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये रुळलेला ‘विश्वासांगीकार’ हा शब्द तयारच आहे.

तळटीप :
सहमत, पण एक पुरवणी. घोषणेसोबत एक पत्र जोडलेले आहे, तेही भाषांतरात घ्या. सुवार्तेविरुद्ध जाणारी वृत्ती आपल्या सर्वांतच आहे, असे त्यात मान्य केले आहे. म्हणजे ‘पदरी घेणे’ पत्रात आहे आणि ‘अंगीकार’ घोषणेत. दोन्हीकडे ‘कबुली’ लिहिलेत, तर हा फरक पुसला जाईल.

आता समेट. सलोखा ही स्थिती आहे : गावात सलोखा असतो किंवा नसतो. समेट घडवावा लागतो. ‘तडजोड’ही नको : तीत दोघेही थोडे सोडतात. इथे अन्याय करणाऱ्याने थोडा अन्याय राखून ठेवावा असे कोणी म्हणत नाही. १९८५ च्या कैरोस दस्तऐवजाने (दक्षिण आफ्रिकेतल्या ख्रिस्ती धर्मचिंतकांच्या निवेदनाने) नेमके यावरच बोट ठेवले होते : न्यायाआधीच समेटाची भाषा करणे म्हणजे पीडितांनाच गप्प बसवणे. नव्या करारातल्या पौलाच्या पत्रांत समेटासाठी येणाऱ्या ‘कातालास्सो’ या क्रियापदाच्या मुळाशीही ‘बदलणे’ आहे. तेव्हा समेट. दिलजमाई आणि मनोमीलन निवडणुकीच्या बातम्यांना राहू द्या.

(घोषणेच्या मूळ आफ्रिकान्स भाषेतल्या ‘फरसून’, म्हणजे समेट करणे, या धातूत ‘सून’ म्हणजे मुका दडला आहे. मूळ अर्थ भांडण मिटवण्याचा, मुका नंतरचा. शिवाय ‘फरसूनिंग’ प्रायश्चित्तालाही वापरतात, म्हणून संदर्भ पाहूनच शब्द निवडावा.)

कोशकिडा :
वर्णद्वेषाबद्दल माझा आक्षेप वेगळा आहे. बेलहारचा रोख द्वेषावर नाही, शिकवणीवर आहे. डच रिफॉर्म्ड चर्चच्या १८५७ च्या केप सिनॉडचा (धर्मसभेचा) ठराव पाहा. श्वेतेतर ख्रिस्ती वेगळ्या इमारतीत उपासना करू शकतील आणि त्याचे कारण ‘काहींची दुर्बलता’. सगळे सौम्य, जवळजवळ शालीन. त्या सवलतीचा पुढे नियम झाला आणि १८८१ मध्ये वेगळे मिशन चर्चच उभे राहिले. द्वेषाचा एक शब्दही न उच्चारता हे घडले. ‘वर्णद्वेष’ लिहिले की वाचक म्हणतो, मी तर कोणाचा द्वेष करत नाही, आणि मोकळा होतो.

म्हणून ‘भेद’ हवा. पण ‘वर्णभेद’ म्हटले की मराठी कानाला आधी चातुर्वर्ण्य ऐकू येते. ‘वंशवाद’ घेतला तर काहींना घराणेशाही आठवते (वंशाचा दिवा कुठे जातो?). घोषणेत ‘वंश’ आणि ‘रंग’ अशी जोडी आहे, ती तशीच ठेवा : ‘वंश व रंग यांवरून माणसांची सक्तीने केलेली ताटातूट’.

शाईदौत :
आणि ‘अपार्टहाइट’, म्हणजे तिथल्या सरकारचे वंशांना वेगळे ठेवण्याचे धोरण?

तळटीप :
घोषणेच्या पाच कलमांत तो शब्दच नाही. तुम्हीही घालू नका, प्रस्तावनेत समजावा. ‘अपार्ट’ला ‘-हाइट’ जोडले आहे, म्हणजे आपला ‘-पणा’. तरीही ‘वेगळेपणा’ लिहू नका. मराठीत ते बहुधा कौतुक असते. विलगता बरे.

चौथ्या कलमाला सर्वाधिक वेळ द्या. देव ‘विशेष रीतीने’ निराधारांचा, गरिबांचा आणि ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांचा आहे, असे तिथे म्हटले आहे. गोऱ्या डच रिफॉर्म्ड चर्चमध्ये याच वाक्यावर बरीच खळखळ झाली. ‘विशेष रीतीने’ गाळले की वाक्य गुळगुळीत होते आणि वादाचे कारणच उरत नाही. तिसऱ्या गटासाठी ‘दलित’ लिहिण्याचा मोह होईल, पण त्या शब्दाला आपला स्वतंत्र इतिहास आहे. ‘नाडलेले’ बसते.

कोशकिडा :
दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या कलमाच्या शेवटी ‘म्हणून आम्ही नाकारतो’ अशा अर्थाचे पालुपद आहे. तिथे ‘निषेध करतो’ लिहू नका. निषेध घटनेचा किंवा माणसाचा होतो. सोबतच्या पत्रात स्पष्ट आहे की ही घोषणा विशिष्ट माणसांविरुद्ध नाही. नाकारायची आहे ती शिकवण. ‘अमान्य करतो’ चूक नाही, पण अर्जावरच्या शेऱ्यासारखे वाटते. तिन्ही जागी ‘नाकारतो’ हेच क्रियापद ठेवा. उपासनेत सगळ्यांनी मिळून मोठ्याने म्हणताना तेच तोंडात बसते.