मदत हवी आहे: पावसाळ्यात गव्हांकुरांना बुरशी येते

ठिकाण गुहागर, समुद्र जवळच. ३० × ३० सेंमीच्या ट्रेमध्ये ४०० ग्रॅम गहू, खाली दोन बोटं तांबडी माती, वर ओलं गोणपाट. विहिरीचं पाणी दिवसातून तीनदा. तिसऱ्या दिवशी पांढरी लव दिसते, पाचव्या दिवशी आंबूस वास येतो आणि मधला भाग पिवळा पडून झोपतो. काय चुकतंय? कापलेलं गवत किती टिकतं?

प्रतिसाद १
आधी लव नीट बघा. मुळांभोवती सगळीकडे सारखी असेल आणि पाणी फवारताच दिसेनाशी होत असेल, तर ती मुळांचीच लव, काळजी नको. दाण्यांवर आणि पात्यांच्या बुडाशी कोळिष्टकासारखी जाळी असेल तर बुरशी. तुमच्याकडे वास येतोय, म्हणजे बुरशीच. अख्खा ट्रे टाकून द्या, वरचं हिरवं कापून घेऊ नका.

मूळ चूक गव्हाच्या मापात आहे. दाण्यावर दाणा चढला की बुडाशी वारा लागत नाही. या दिवसांत १५०–२०० ग्रॅम पुरे, एकेरी थर. गहू खाण्याचाच घ्या. पेरणीच्या बियाण्याला औषध चोळलेलं असतं. ८ तास भिजवा, मग रोवळीत निथळून पांढरं टोक दिसेपर्यंत झाकून ठेवा. तांबडी माती ट्रेमध्ये घट्ट बसते, तिच्यात निम्मा काथ्याचा भुसा मिसळा. भुशात क्षार असतात म्हणून दोन-तीन पाण्यांनी धुऊन. ट्रेला खाली भोकं हवीतच.

गोणपाट काढा. पहिले दोन दिवस कोरा कागद झाकला की झालं, नंतर पडवीत उजेडाला. (घटस्थापनेचं रुजवण उजेडाअभावी पिवळं येतं, तसं इथे नको.) पाणी सकाळी एकदाच, तेही फवारून. विहीर मचूळ असेल तर पात्यांची टोकं करपतात. पावसाचं पाणी धरून वापरा. पंखा मंद गतीवर दोन तास लावा, फरक लगेच कळतो.

प्रतिसाद २
साठवण: सातव्या-आठव्या दिवशी, १५ सेंमी झाल्यावर, दाण्याच्या बोटभर वरून कापा. न धुता, कोरड्या पंच्यात गुंडाळून डब्यात, फ्रिजमध्ये ५–६ दिवस. धुतलेलं गवत दोन दिवसांत चिकट होतं. रस मात्र काढल्या काढल्या घ्यावा, नाहीतर बर्फाच्या साच्यात गोठवावा.

गवताची लांब पाती मिक्सरच्या ब्लेडला गुंडाळतात, म्हणून कात्रीने बारीक करा. ३० ग्रॅम गवत, अर्धा कप गार पाणी, २० सेकंद, मग गाळा. सुरुवात १५ मिली रसाने करा. एकदम जास्त घेतल्यास मळमळतं. यात के जीवनसत्त्व असतं, म्हणून वॉर्फरिन (रक्त पातळ ठेवणारं औषध) घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. आणि हरितद्रव्य म्हणजे लोह नव्हे, रक्तवाढीच्या गोळ्या यावर बंद करू नका.

धागाकर्ती
सावलीत वाळवून पूड करता येईल का?

प्रतिसाद २
आत्ता नको. कोकणातल्या या हवेत पातं वाळण्याआधी काळं पडतं. मार्गशीर्षात करा, पातं चुरगाळल्यावर कुरकुर वाजलं की दळा.