अपघातात माणूस गेला तर ड्रायव्हरला सरळ १० वर्षं?

पायवाट:
पुण्यातल्या कल्याणीनगरच्या पोर्श अपघातावरून परत वाद झाला म्हणून टाकतोय. १९ मे २०२४ च्या पहाटे बाइकवरचे दोन तरुण इंजिनियर गेले, गाडीवर १७ वर्षांचा मुलगा, आणि बाल न्याय मंडळाने साधारण १५ तासात जामीन दिला, अट काय तर ३०० शब्दांचा निबंध. जुन्या भादंवि (दंड विधान) ३०४-अ ला निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर जास्तीत जास्त २ वर्षं होती, तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या १०६ मध्ये आता ५ झालीत. पाच पण कमीच. पिऊन चालवून कोणी गेलं तर किमान १०, विषय संपला.

टायरवाला:
दहाची केलीय की तरतूद. १०६ (२), अपघात करून पोलिसांना न कळवता पळाला तर १० वर्षांपर्यंत. काय झालं मग? जानेवारी २०२४ ला ट्रकवाले संपावर, मनमाडजवळच्या पानेवाडी इंधन डेपोतून टँकर निघेनात, पंपावर लाइनी, आणि ते कलम सरकारने लागूच केलं नाही. तुम्ही पोर्शवाला धरून बोलताय, पण कलम लागणार माझ्या मामाच्या ड्रायव्हरला. जालन्याच्या पुढे बाइकवाला राँग साइडने येऊन धडकला, जागेवर गेला बिचारा, हा उतरून तुरीच्या शेतातनं पळाला आणि लांबच्या ढाब्यावरून मामाला फोन केला. तोवर पब्लिकने केबिन फोडली, काच फोडली, डॅशबोर्डवरचा खंडोबाचा फोटो पण ठेवला नाही. थांबला असता तर तो पण गेला असता. द्या याला १० वर्षं.

कोर्टकचेरी:
टायरवाला, जखमीला दवाखान्यात न्यायची जबाबदारी मोटार वाहन कायदा कलम १३४ मध्ये आहे, आणि जमावाच्या संतापामुळे शक्य नसेल तर सूट पण तिथेच आहे. ढाब्यावरून लगेच पोलिसांना फोन केला असता तर १०६ (२) चा प्रश्नच नव्हता. पहिला फोन मालकाला का जातो पण?

टायरवाला:
कारण पगार मालक देतो, पोलीस नाही.

कोर्टकचेरी:
बरं 😀 पायवाट, सदोष मनुष्यवधाला (जीव जाऊ शकतो हे माहीत असून केलेलं कृत्य) १० वर्षांपर्यंतची सोय जुन्या ३०४ भाग २ मध्ये होतीच, आता १०५ ला आहे. मुंबईतल्या कार्टर रोडची केस बघा, २००६, फूटपाथवर झोपलेले ७ मजूर गेले. सेशन कोर्टाने ३०४-अ खाली ६ महिने दिले, हायकोर्टाने ३०४ भाग २ लावून ३ वर्षं केली, सुप्रीम कोर्टाने २०१२ ला तीच कायम ठेवली. दहापर्यंत देता येत असताना सात जिवांना तीन वर्षं.

पायवाट:
म्हणून तर *किमान* म्हणतोय, जज्जच्या मनावर सोडूच नका.

कोर्टकचेरी:
किमान आली की १६ ते १८ वाल्यांचं पण बदलतं, हे लक्षात घ्या. सुप्रीम कोर्टाने २०२० ला सांगितलंय की किमान ७ वर्षं शिक्षा असेल तोच गुन्हा घृणास्पद धरायचा, आणि तसा असेल तरच पोरावर प्रौढ म्हणून खटला चालवता येतो. मनुष्यवधाच्या जुन्या ३०४ ला किमान नव्हतीच. पुण्यातल्या मुलावर प्रौढ म्हणून खटला चालवायची मागणी जुलै २०२५ ला मंडळाने फेटाळली.

शनवारवाडी:
अरे पण रक्ताचं काय? १०० मिलीला ३० मिलीग्रॅमच्या वर अल्कोहोल म्हणजे पिऊन चालवलं, हे ठरणार रिपोर्टवर. इथे पुण्याच्या ससून हॉस्पिटलमध्ये नमुनाच बदलल्याचा आरोप, डॉक्टरांना अटक. बाटलीत रक्तच दुसऱ्याचं असेल तर १० काय नि १०० काय. शिक्षा वाढली की मिटवायचा रेट वाढतो फक्त.

पायवाट:
म्हणजे चोर पकडला जात नाही म्हणून चोरीचं कलमच काढायचं का? कमाल लॉजिक.

गोदाकाठ:
तुमचं वर्षांचं चालू द्या. आमच्या काकाला उडवून गेलेली गाडी सापडलीच नाही, त्यामुळे शिक्षा कोणाला करणार. अज्ञात वाहन असलं की २ लाख भरपाई असते हेच काकूला कोणी सांगितलं नव्हतं, पोलीस ठाण्यातल्या हवालदाराने पंचनाम्याची झेरॉक्स द्यायला तीन चकरा मारायला लावल्या. टायरवाला, राग मानू नका पण तुमच्या मामाच्या ड्रायव्हरने मालकाला का होईना फोन केला, आमच्या वाल्याने तेवढं पण नाही केलं. त्याला १० वर्षं झाली तर मला चालतील.

टायरवाला:
तुमच्या वाल्याला द्या हो, मी कुठे नाही म्हणतोय. पण कलम लिहिताना तुमचा वाला आणि आमचा वाला वेगळा लिहा, एवढंच मागणं होतं संपवाल्यांचं.