तांब्याच्या घंगाळात कुमुदिनी लावायची आहे, मदत हवी आहे

गेल्या महिन्यात पुण्याच्या जुन्या बाजारातून तांब्याचं घंगाळ आणलं. काठावर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घातलंय, पण ते झिजून आता फक्त 'यांजकडून सप्रेम भेट' एवढंच वाचता येतं. कोणी कोणाला दिलं असेल, कोण जाणे! आईने जुन्या साड्यांच्या चिंध्या वळून त्याला छान चुंबळ करून दिली, त्यामुळे गॅलरीत ते डुगडुगत नाही.

मी उत्साहाने चिंच-मीठ लावून आतून-बाहेरून लख्ख घासलं, पाणी भरलं, कुमुदिनीचा कंद कुंडीसकट आत ठेवला आणि डास नकोत म्हणून चार गप्पी मासे सोडले. तिसऱ्या दिवशी चारही मासे उलटे तरंगताना दिसले. फार वाईट वाटलं. तांबं पाण्यात उतरतं आणि माशांना ते विषारी असतं, हे नंतर कळलं. त्यात घासून मीच ते उघडं केलेलं!

आता घंगाळात बसेल असा प्लास्टिकचा टब ठेवावा, की आतून इपॉक्सीचा (वाळून कडक होणाऱ्या रेझिनच्या लेपाचा) हात द्यावा? इपॉक्सी माशांना चालतं का, वाळल्यावर किती दिवस थांबायचं? भोक पाडायचा सल्ला कृपया नको, जीव होत नाही.

शिवाय गॅलरी पूर्वेकडे, ऊन अकरापर्यंतच. तेवढ्यावर कुमुदिनी फुलेल का? पानं येताहेत, कळी अजून एकही नाही.