‘ओव्हेरो’ हा शब्द पैदाशीतून हद्दपार करावा का?

रिकीब
अमेरिकेत पेंट (अंगावर पांढरे आणि गडद पट्टे असलेल्या) घोड्यांची नोंदणी करणारी संस्था पांढऱ्या पट्ट्यांचे तीन प्रकार मानते: टोबियानो, ओव्हेरो आणि दोन्हींचं मिश्रण टोव्हेरो. माझं म्हणणं असं की ओव्हेरो हा शब्द पैदाशीच्या बोलण्यात नकोच. त्याखाली तीन निराळ्या गोष्टी कोंबल्या आहेत: फ्रेम (ईडीएनआरबी जनुक), स्प्लॅश्ड व्हाइट (बहुतेकदा एमआयटीएफ किंवा पॅक्स३) आणि सबिनो (काही वेळा किट नावाचं जनुक). यातल्या फ्रेमच्या दोन प्रती, आईकडून एक आणि बापाकडून एक, एकाच शिंगरात आल्या की ते जवळजवळ पांढरंशुभ्र जन्मतं. त्याच्या मोठ्या आतड्यात मज्जापेशींचं जाळंच तयार झालेलं नसतं, त्यामुळे विष्ठा पुढे सरकत नाही आणि पोटशूळ उठून दोन-चार दिवसांत ते मरतं. प्रथिनातल्या ११८ व्या जागी आयसोल्युसिनऐवजी लायसिन, एवढाच बदल. १९९८ पासून तो माहीत आहे. ज्या शब्दात हा धोका दडून बसतो, तो कशाला जपायचा?

खरारा
साफ असहमत. नाव हे डोळ्यांना दिसणाऱ्याचं असतं. टोबियानोचा पांढरा रंग पाठ ओलांडतो, चारही पाय बहुधा पांढरे असतात, डोकं गडद राहतं. फ्रेममध्ये उलट: पांढरा रंग बरगड्यांवर राहतो, पाठीच्या कण्यावर सहसा चढत नाही, तोंड मात्र भरपूर पांढरं. बाजारात उभं राहून घोडा पाहणाऱ्याला जनुकं दिसत नाहीत.
आणि जनुकांवरून नावं देण्यातही कमी घोळ नाही. किटमधल्या बदलांना डब्ल्यू१, डब्ल्यू२ असे क्रमांक देतात, ते आकडे तिसाच्या पुढे गेले. डब्ल्यू२० ची एक प्रत असेल तर बहुतेकदा पाय आणि तोंड एवढंच पांढरं. पण सोबत डब्ल्यू२२ आला की घोडा पूर्ण पांढरा. सबिनो-१ सुद्धा किटमधलाच, त्याला मात्र डब्ल्यू आकडाच नाही. यातून शेतावरच्या माणसाने काय समजायचं?

रिकीब
दिसण्यावर विसंबणं हाच तर धोका आहे. फ्रेमची एक प्रत असलेल्या काही घोड्यांच्या कपाळावर जेमतेम टिळा असतो, अंगावर एकही पट्टा नाही. टोबियानो सोबत असला तर फ्रेम त्याखाली झाकली जाते. ‘हा ओव्हेरो दिसत नाही’ म्हणून बिनधास्त घोडी लावली, आणि थेट जन्माच्या वेळी उत्तर कळलं, तर उपयोग काय?

वेसण
शब्दावर भांडा, पण फ्रेमच्या जनुक-तपासणीची पद्धत नीट सांगा.
आयाळीचे २० ते ३० केस मुळासकट उपटायचे. कापलेल्या केसांत मूळ नसतं आणि नमुना वाया जातो. केस कोरडे हवेत, कागदी पाकिटात ठेवावेत आणि एका पाकिटात एकाच जनावराचे. अहवालात एन/ओ (एक प्रत साधी, एक फ्रेमची) आलं तर घोडा वाहक; एन/एन म्हणजे दोन्ही प्रती साध्या. एन/ओ आणि एन/एन अशी जोडी लावली तर: सरासरी निम्मी शिंगरं वाहक, मरणारं एकही नाही. एन/ओ आणि एन/ओ: दर गर्भाला २५ टक्के धोका. म्हणजे वाहक घोडा बाद करायची गरज नाही, जोडीदार एन/एन निवडा.
आणखी एक. पांढरं शिंगरू जन्मलं की लगेच ‘जीवघेणं’ म्हणून संपवू नका. सबिनो-१ च्या दोन प्रती असल्या तरी ९० टक्क्यांहून अधिक अंग पांढरं असतं आणि शिंगरू ठणठणीत. निळे डोळे निरोगी पांढऱ्या शिंगरातही दिसू शकतात, म्हणून डोळ्यांवरून निवाडा नको. आई-बापांचे अहवाल पाहा, पहिली काळी विष्ठा पडते का ते बघा. ती अडकणं साध्या शिंगरातही घडतं, तेव्हा डॉक्टरांना बोलवा.

नालबंद
मराठीत तरी कुठे वेगळं आहे? ‘अबलख’ म्हटलं की पांढरे आणि गडद डाग एवढंच कळतं. ‘पंचकल्याणी’ म्हणजे चारही पाय आणि तोंड पांढरं, मग मूळ जनुक कुठलंही असो. हे शब्द मला प्रिय आहेत, टाकू नयेत. विक्रीच्या कागदावर मात्र वर्णनाखाली अहवालाची ओळ हवीच.

खरारा
ती ओळ असेल, तर ओव्हेरोलाही त्याच कागदावर राहू द्या.

रिकीब
वर्णनाच्या रकान्यात राहू द्या. घोडी लावायचा निर्णय घेताना तो शब्द कुणी पुढे केला, तर मी पहिल्यांदा ईडीएनआरबीचा अहवालच मागणार.